क्रौंच पक्ष्यांतील परजीवीजन्य रोग

ग्रुइडी या पक्षिकुलातील क्रौंचांना परजीवींच्या (दुसऱ्या सजीवाच्या शरीरात अथवा शरीरावर राहून त्याच्यावर उपजीविका करणाऱ्या जीवांच्या) संसर्गामुळे होणारे रोग. या कुलात एकूण १५ जाती असून सारस, कांड्या करकोचा, सामान्य क्रौंच, सँडहिल क्रौंच, हूपिंग क्रौंच, टोपीधारी क्रौंच व लाल मुकुटाचा क्रौंच या त्यांपैकी विशेष परिचित आहेत. मराठीत ‘करकोचा’ हे नाव बलाकांच्या कुलातील पक्ष्यांनाही सर्रास लावले जाते. त्यामुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी या नोंदीत ‘क्रौंच’ हा शब्द ग्रुइडी कुलापुरताच वापरला आहे [→ सारस].

रानटी क्रौंचाच्या शरीरात एकही परजीवी नाही, असे सहसा घडत नाही. आतड्यातील कृमी, रक्तातील एककोशिक जीव, पिसांतील उवा व माश्या हे त्याचे पूर्वापार सोबती होत. निरोगी प्रौढ पक्षी त्यांचा भार फारसा त्रास न होता वाहतो. परजीवीचे अस्तित्व आणि रोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद या विषयात सतत ध्यानात ठेवावा लागतो. पोषण, वय, ताण आणि मुख्यतः एका जागी होणारी पक्ष्यांची दाटी यांचा तोल बिघडला म्हणजे निरुपद्रवी वाटणारा परजीवी प्राणघातक ठरतो. क्रौंचांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष गंभीर आहे. हे पक्षी दीर्घायुषी असले, तरी त्यांचे प्रजनन अत्यंत मंद असते. बहुतेक जातींत मादी एका विणीत दोनच अंडी घालते व पुष्कळदा त्यांतून एकच पिलू मोठे होते. पिलू प्रजननक्षम होण्यास तीन ते पाच वर्षे लागतात. ज्या जातीत मुळातच थोडे पक्षी उरले आहेत, तिच्यात पिलांचा मृत्यू सहज भरून निघत नाही.

विकीर्ण अंतरेंद्रिय कॉक्सिडिओसिस : क्रौंचांच्या परजीवीजन्य रोगांपैकी सर्वांत अधिक अभ्यासलेला व सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण रोग हा होय. कॉक्सिडिओसिस हे नाव कुक्कुटपालकांना नवे नाही. कोंबडीच्या पिलांना होणारी रक्ती हगवण ती हीच. ती आयमेरिया या वंशातील एककोशिक परजीवींमुळे होते व तिचा प्रादुर्भाव आतड्यापुरता मर्यादित राहतो. हंसकुलातील पक्ष्यांत आयमेरिया ट्रंकॅटा ही जाती मूत्रपिंडात वाढते, परंतु तिथेही रोग एका इंद्रियापुरताच असतो. क्रौंचांत मात्र परजीवी आतड्याची भिंत ओलांडून यकृत, प्लीहा (पाणथरी), फुप्फुसे व हृदय अशा अनेक इंद्रियांत पसरतो. ‘विकीर्ण’ हे विशेषण त्यावरूनच आले आहे.

या रोगास कारणीभूत असणाऱ्या आयमेरिया ग्रुइस व आयमेरिया रायखेनोवी या दोन प्रमुख जातींचे वर्णन याकिमॉफ व माच्युल्स्की या रशियन परजीवीविज्ञांनी १९३५ मध्येच केले होते. त्यानंतर सु. चार दशके या दोन्ही जाती क्रौंचांच्या विष्ठेत आढळणारे सामान्य परजीवी म्हणूनच ओळखल्या जात होत्या. त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेरिलंड राज्यातल्या पॅटक्संट वन्यजीव संशोधन केंद्रात. हूपिंग क्रौंच ही उत्तर अमेरिकेतील सर्वांत उंच पक्ष्याची जाती १९४१ च्या सुमारास जेमतेम २२ पक्ष्यांवर येऊन ठेपली होती. तिला वाचविण्यासाठी या केंद्रात बंदिवासातील प्रजननाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. कॅनडातील वुड बफालो राष्ट्रीय उद्यानातल्या घरट्यांतील दोन अंड्यांपैकी एक अंडे उचलून आणावयाचे व ते केंद्रात उबवावयाचे, अशी पद्धत १९६७ पासून अवलंबिली गेली. हूपिंग क्रौंचावर कोणताही प्रयोग करण्यापूर्वी तो विपुल असलेल्या सँडहिल क्रौंचावर करून पाहिला जाई. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या केंद्रातील सँडहिल क्रौंचांत व पाठोपाठ हूपिंग क्रौंचांत एक अपरिचित रोग दिसून आला. मृत पक्ष्यांच्या अंतरेंद्रियांवर करड्या-पांढऱ्या बारीक गाठी होत्या आणि त्या गाठींतील कोशिकांत आयमेरियाच्या विकासाच्या अवस्था होत्या. जे. डब्ल्यू. कार्पेंटर, एम. एन. नोव्हिला व त्यांचे सहकारी यांनी १९८० पासून प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून या रोगाचे स्वरूप स्पष्ट झाले. एका जातीला नष्ट होण्यापासून वाचविण्याकरिता जी जागा उभारली, तिथेच हा रोग प्रथम ओळखला गेला. तो केवळ योगायोग नव्हता, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

जीवनचक्र : संसर्गित पक्ष्याच्या विष्ठेतून परजीवीच्या सूक्ष्म पुटी बाहेर पडतात. पुटीचे आकारमान मिलिमीटरच्या सु. पन्नासाव्या हिश्श्याएवढे असते. सूक्ष्मदर्शकाखाली आयमेरिया ग्रुइसची पुटी नासपतीच्या आकाराची, तर आयमेरिया रायखेनोवीची अंडाकृती ते जवळजवळ गोल दिसते. त्यामुळे केवळ विष्ठेच्या तपासणीवरून या दोन जाती वेगळ्या ओळखता येतात. ताजी पुटी संसर्गक्षम नसते. ओलावा, ऊब व ऑक्सिजन मिळाल्यास काही दिवसांत ती पक्व होते. तिच्या आत चार बीजाणुपुटी व प्रत्येकीत दोन याप्रमाणे एकूण आठ बीजाणुज तयार होतात. पुटीचे कवच इतके चिवट असते की, नेहमीची बहुतेक जंतुनाशके तिच्यापुढे निष्प्रभ ठरतात. कोरड्या व तापलेल्या जमिनीत मात्र ती टिकत नाही. दलदलीच्या काठची ओलसर व सावलीची जमीन तिला सर्वांत अनुकूल असते आणि क्रौंचाचे खाद्य शोधण्याचे ठिकाणही नेमके तेच असते. लांब चोचीने चिखल उकरून तो कंदमुळे, कीटक, गोगलगायी, खेकडे वेचतो व त्यांच्याबरोबर पक्व पुटीही गिळतो.

आतड्यात पोहोचल्यावर पुटीचे कवच फुटते व मुक्त झालेले बीजाणुज आतड्याच्या भिंतीत शिरतात. येथपर्यंतचा क्रम कोंबडीतल्यासारखाच आहे. पुढे मात्र काही बीजाणुज महाभक्षी कोशिकांत (बाहेरून आलेल्या जंतूंना गिळंकृत करणाऱ्या शरीररक्षक कोशिकांत) प्रवेश करतात आणि रक्तप्रवाहाबरोबर दूरच्या इंद्रियांपर्यंत वाहून नेले जातात. ज्या कोशिकेने शत्रूला नष्ट करावयाचे, तिचाच वाहन म्हणून उपयोग होतो. यकृत, प्लीहा व फुप्फुसे यांत परजीवीचे अलैंगिक गुणन होते आणि त्याला आवर घालण्याच्या शरीराच्या प्रयत्नातून दाहयुक्त गाठी निर्माण होतात. या गाठी बहुधा काही मिमी. आकारमानाच्या असतात. परजीवीची लैंगिक अवस्थाही आतड्याप्रमाणेच श्वसनमार्गात पूर्ण होऊ शकते व तेथील श्लेष्म्यात (बुळबुळीत स्रावात) तयार पुटी आढळतात. इतर पक्ष्यांतील आयमेरिया जातींच्या मानाने ही गोष्ट फारच वेगळी आहे. क्रौंचांतील आयमेरियांच्या जनुकीय घटकांची तुलना जपानी संशोधकांनी केली तेव्हा या जाती कोंबडीतील आयमेरियांपासून पृथक् असा एक स्वतंत्र गट बनवितात असे आढळले. म्हणजे हा परजीवी क्रौंचांबरोबर दीर्घकाळ उत्क्रांत होत आलेला असावा, तो अलीकडे कुक्कुटपालनातून त्यांच्यात शिरलेला नाही.

लक्षणे व विकृती : प्रौढ पक्ष्यांत बाह्य लक्षणे बहुधा दिसत नाहीत. काहींच्या तोंडात व घशात पांढरट गाठी असतात. पक्षी हातात धरून चोच उघडली असता त्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात, म्हणून बंदिवासातील पक्ष्यांच्या तपासणीत त्यांना महत्त्व आहे. पिलांची स्थिती वेगळी असते. त्यांच्यात अशक्तपणा, मंदपणा, हगवण, वजन न वाढणे व धाप लागणे ही चिन्हे दिसतात आणि फुप्फुसदाह, यकृतदाह, हृत्स्नायुदाह व आंत्रदाह यांमुळे मृत्यू येऊ शकतो. पुष्कळदा कोणतेही लक्षण ध्यानात येण्यापूर्वीच पिलू दगावते. सँडहिल क्रौंचाच्या पिलांना पक्व पुटी तोंडावाटे देऊन हाच रोग प्रयोगाने निर्माण करता येतो. गिळलेल्या पुटींची संख्या मोठी असेल, तर तो प्राणघातक ठरतो. थोड्या पुटी गिळल्यास पिलू जगते व त्याला काही प्रमाणात प्रतिकारक्षमताही लाभते. रोगाची तीव्रता पुटींच्या मात्रेवर आणि मात्रा जमिनीवर साचलेल्या विष्ठेवर अवलंबून असते. या साखळीतच पुढील सर्व प्रश्नाचे मूळ आहे.

रानटी पक्ष्यांतील प्रसार : हा रोग पिंजऱ्यातच निर्माण होतो, अशी शंका प्रारंभी घेतली जाणे स्वाभाविक होते. न्यू मेक्सिकोत हिवाळा काढणाऱ्या रानटी सँडहिल क्रौंचांवरील पार्कर व डझिन्स्की यांच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तिचे निराकरण झाले. या रानटी पक्ष्यांतही आयमेरियाचा संसर्ग होता. टेक्सस किनाऱ्यावरील अरॅन्सस येथे हिवाळा घालविणाऱ्या रानटी हूपिंग क्रौंचांच्या विष्ठेतही आयमेरिया असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले. विष्ठा गोळा करण्यासाठी पक्ष्याला पकडावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. दुर्मिळ जातीच्या बाबतीत तर बहुधा तोच एक मार्ग मोकळा असतो. पण तिच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. विष्ठेतील पुटींची संख्या दिवसाच्या वेळेप्रमाणे व संसर्गाच्या टप्प्याप्रमाणे बदलते. शिवाय विष्ठेत पुटी सापडल्या म्हणून पक्षी आजारी आहे असे ठरत नाही व त्या न सापडल्या म्हणून इंद्रियांत गाठी नाहीत असेही म्हणता येत नाही. निश्चित निदान शवपरीक्षेनेच होते. दलदलीत मेलेले पिलू मात्र कोल्ह्या-घारींच्या तोंडी पडल्यावाचून क्वचितच राहते. परिणामी रानात या रोगाने होणारी खरी हानी नेहमीच प्रत्यक्ष नोंदींपेक्षा अधिक असणार.

१९४१ मध्ये सु. १५ पक्ष्यांवर आलेला अरॅन्सस–वुड बफालो हा स्थलांतरी समुदाय २०२० नंतर ५०० च्या वर गेला, हे पक्षिसंरक्षणाच्या इतिहासातील एक मोठे यश होय. हे पक्षी हिवाळ्यात थव्याने न राहता कुटुंबागणिक आपापला प्रदेश राखून राहतात. त्यामुळे विष्ठेचा साठा एके जागी होत नाही व परजीवीचा भारही मर्यादित राहतो. पण संख्या वाढत असताना किनाऱ्यावरील क्षारयुक्त दलदलीचे क्षेत्र त्या प्रमाणात वाढणे शक्य नाही. दोन कुटुंबांतील अंतर कमी होत जाते आणि संख्यावाढीबरोबर संसर्गाची संधीही वाढते.

दाटी आणि दाणा : जपानच्या क्यूशू बेटावरील इझुमीच्या मैदानात या प्रश्नाचे सर्वांत ठळक रूप पहावयास मिळते. सायबीरिया व ईशान्य चीनकडून येणारे टोपीधारी क्रौंच व पांढऱ्या मानेचे क्रौंच येथील भातखाचरांत हिवाळा काढतात. या स्थळाला १९५२ मध्ये विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा देण्यात आला. पक्ष्यांनी शेतीची नासाडी करू नये म्हणून त्यांना ठराविक ठिकाणी दाणा टाकला जातो व रात्रीच्या मुक्कामासाठी काही खाचरांत पाणी भरून ठेवले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर काही शेकड्यांवर उतरलेली संख्या या उपायांनी दहा हजारांवर गेली व जगातील टोपीधारी क्रौंचांपैकी बहुसंख्य पक्षी एकाच मैदानात एकवटले. तेच पाणी, तोच चिखल व तोच दाणा यांवर हजारो पक्षी रोज उतरत असताना पुटींच्या संक्रमणाला वेगळ्या अनुकूलतेची गरज उरत नाही. इझुमी येथील क्रौंचांच्या विष्ठेत आयमेरिया वारंवार आढळला असून तेथे मृत सापडलेल्या पक्ष्यांच्या तपासणीतही विकीर्ण संसर्गाची चिन्हे दिसली आहेत. एकवटण्याचा धोका केवळ परजीवींपुरता नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पक्षी इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत याच मैदानात एक हजाराहून अधिक क्रौंच मृत्युमुखी पडले. ती विषाणूची साथ होती, परंतु तिचा मार्ग दाटीनेच मोकळा केला होता.

होक्काइदो बेटावरील लाल मुकुटाच्या क्रौंचाची कथा याहून फारशी वेगळी नाही. नामशेष झाला असे समजला गेलेला हा पक्षी १९२४ मध्ये कुशिरोच्या दलदलीत थोड्या संख्येने पुन्हा आढळला. १९५२ पासून हिवाळ्यात दाणा देण्यास सुरुवात झाली आणि पुढे संख्या हजाराच्या वर गेली. दाण्याने ही जाती तेथे तगली, याबद्दल दुमत नाही. तथापि दाण्याभोवती होणारी गर्दी हाच पुढे धोका ठरेल हे ओळखून जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१५ पासून हा दाणा टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे धोरण स्वीकारले. पक्षी आपण होऊन पांगावेत हा त्यामागील हेतू आहे. अमेरिकेतील नेब्रॅस्का राज्यातल्या प्लॅट नदीवर वसंत ऋतूत पाच लाखांहून अधिक सँडहिल क्रौंच जमतात. तिथे दाणा टाकणारा कोणी नाही. नदीचे पाणी सिंचनासाठी वळविल्याने उथळ वाळवंटे आक्रसली, म्हणून हे पक्षी नदीच्या उरलेल्या पट्ट्यात दाटीने उतरतात. कारण निराळे असले, तरी परजीवीच्या दृष्टीने परिणाम एकच होतो.

रक्तपरजीवी : क्रौंचांच्या रक्तकोशिकांत हीमोप्रोटियस, प्लास्मोडियम व ल्यूकोसायटोझोऑन या वंशांतील परजीवी आढळतात. मनुष्याच्या हिवतापाचा परजीवी प्लास्मोडियम वंशातलाच असून उरलेले दोन वंश त्याचे नातलग होत. यांचा प्रसार विष्ठेतून न होता रक्त शोषणाऱ्या कीटकांमार्फत होतो : प्लास्मोडियमचा डासांमार्फत, हीमोप्रोटियसचा मुख्यतः चिलटांमार्फत व ल्यूकोसायटोझोऑनचा काळ्या माश्यांमार्फत. क्रौंचांतील हीमोप्रोटियस अँटिगोनिस या जातीचे नामकरण गोव्याचे विख्यात परजीवीविज्ञ इंदालेंसियू फ्रोइलानो द मेलो (१८८७–१९५५) यांनी १९३५ मध्ये केले. रशियात आयमेरियाच्या जातींचे वर्णन झाले तेच हे वर्ष. भारतीय पक्ष्यांच्या रक्तातील परजीवींवर मेलो यांनी विपुल काम केले. बाणावली येथे जन्मलेल्या व पुढे ब्राझीलमध्ये दिवंगत झालेल्या या शास्त्रज्ञाने दिलेले नाव आज उत्तर अमेरिकेतील क्रौंचांवरील संशोधनात सतत येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा परजीवी रानटी हूपिंग क्रौंचात प्रथमच आढळल्याची नोंद झाली. त्याच अभ्यासातील जनुकीय तुलनेवरून तो पक्ष्यांतील इतर सर्व ज्ञात रक्तपरजीवींच्या वंशांहून वेगळा असून त्यासाठी नवा वंश मानावा लागेल असे सूचित झाले.

रक्तपरजीवी असलेला प्रौढ पक्षी बहुधा निरोगी दिसतो. फ्लॉरिडातील सँडहिल क्रौंचांच्या पिलांत मात्र हीमोप्रोटियस बॅलिॲरिसी या जातीच्या तीव्र संसर्गाबरोबर गंभीर रक्तक्षय आढळून आला आहे. पिसे फुटत असताना व शरीर झपाट्याने वाढत असताना तांबड्या कोशिकांचा नाश पिलाला सोसवत नाही.

काळ्या माश्या परजीवींच्या वाहक तर आहेतच, पण त्या स्वतःही बाह्य परजीवी आहेत व त्यांचा उपद्रव कधीकधी रोगापेक्षा भारी ठरतो. अमेरिकेच्या पूर्व भागात हूपिंग क्रौंचांचा नवा स्थलांतरी समुदाय वसविण्यासाठी २००१ पासून विस्कॉन्सिन राज्यातील नेसीडा येथे बंदिवासात वाढलेली पिले आणण्यात आली. त्यांना हलक्या विमानामागून उडत फ्लॉरिडापर्यंतचा मार्ग शिकविण्यात आला. या उपक्रमाचे जगभर कौतुक झाले. पक्षी जगले, मोठे झाले, त्यांनी जोड्या जमविल्या आणि घरटीही केली. परंतु अंडी घातल्यावर काही दिवसांतच अनेक जोड्या जवळजवळ एकाच वेळी घरटी सोडून जाऊ लागल्या. सिम्युलियम ॲन्युलस ही पक्ष्यांच्या रक्तावर जगणारी काळी माशी याच दिवसांत आसपासच्या नद्यांतून प्रचंड संख्येने बाहेर पडते. घरट्यावर बसलेल्या पक्ष्याच्या डोक्याभोवती व मानेवर तिचे थर जमतात आणि त्याला अंड्यांवर बसणे अशक्य होते. २०११ व २०१२ मध्ये नद्यांतील अळ्या मारणाऱ्या बॅसिलस थुरिंजेन्सिस इझ्रायलेन्सिस या जंतूचा प्रायोगिक वापर केल्यावर घरटी सोडून जाण्याचे प्रमाण घटले. त्यामुळे माशीवरील संशय दृढ झाला. त्यानंतर नवी पिले माश्यांचा उपद्रव कमी असलेल्या पूर्व विस्कॉन्सिनमधील दलदलींत सोडण्याकडे कल वळला. पुनर्वसनाची जागा निवडताना अन्न, पाणी व शत्रू यांचा विचार झाला होता, माशीचा मात्र झाला नव्हता.

कृमी : क्रौंचांत गोलकृमी, पट्टकृमी, पर्णकृमी व काटेरी डोक्याचे कृमी असे सर्व प्रकार आढळतात. त्यांतील पुष्कळांना गोगलगाय, नाकतोडा, गांडूळ यांसारखा मध्यस्थ पोषक लागतो, म्हणून त्यांचे प्रमाण आहाराप्रमाणे बदलते. जठराच्या ग्रंथींत राहणारा टेट्रामेरिस ग्रुसी व श्वासनालात राहणारे कृमी हे विशेष उल्लेखनीय आहेत. श्वासनालातील कृमींमुळे पिलू चोच वासून धापा टाकते व क्वचित गुदमरून मरते. या कृमींनी रानटी क्रौंचांच्या एखाद्या समुदायाची मोठी हानी केल्याचे मात्र दिसत नाही.

नियंत्रण : बंदिवासातील पक्ष्यांत आयमेरियाला आवर घालता येतो. खाद्यातून मोनेन्सिन किंवा अँप्रोलियम यांसारखी कुक्कुटपालनात रूढ असलेली औषधे दिली जातात. मोनेन्सिन क्रौंचांना सुरक्षित आहे की नाही याची सँडहिल क्रौंचांवर चाचणी घेण्यात आली असून तिचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधापेक्षाही उपयुक्त गोष्टी साध्या आहेत : कमी पक्षी, पाण्याचा निचरा होणारी व ऊन लागणारी जमीन, विष्ठा पडणार नाही अशा उंचीवर ठेवलेली दाण्यापाण्याची भांडी आणि वाड्यांच्या जागा आलटून पालटून काही काळ मोकळ्या ठेवणे. औषधाने परजीवी पूर्ण नष्ट होत नाही, केवळ त्याची मात्रा खाली येते व ते इष्टही आहे. कारण औषधाच्या छायेत, परजीवीचा स्पर्शही न होता वाढलेले पिलू रानात सोडल्यावर तेथील पहिल्याच संसर्गाला बळी पडण्याचा संभव असतो. दुसऱ्या बाजूने, केंद्रातील दाटीत वाढलेला व परजीवीचा भार घेतलेला पक्षी तो भार नव्या प्रदेशात नेऊ शकतो. म्हणून सोडण्यापूर्वी प्रत्येक पक्ष्याची विष्ठा व रक्त तपासण्याची प्रथा पडली आहे. पॅटक्संट येथील क्रौंच-प्रजननाचा कार्यक्रम २०१८ मध्ये संपुष्टात आला व तेथील पक्षी इतर संस्थांकडे सोपविण्यात आले. त्या केंद्रात तयार झालेले आरोग्यविषयक संकेत मात्र क्रौंचांचे संगोपन करणाऱ्या संस्थांना आजही पायाभूत वाटतात.

रानातील थव्यांना औषध देणे व्यवहार्य नाही. मात्रा कोणी किती खाल्ली हे कळत नाही, इतर प्राण्यांना अपाय होण्याची भीती असते व परजीवीत औषधाला दाद न देणाऱ्या वाणांची निवड होते. तेथे नियंत्रणाचा एकच खरा मार्ग उरतो, तो म्हणजे पक्ष्यांना पांगण्यासाठी पाणथळ जागा उपलब्ध ठेवणे.

भारतातील स्थिती : भारतात नियमितपणे आढळणाऱ्या क्रौंचांपैकी सारस हा येथेच वीण करणारा असून कांड्या करकोचा व सामान्य क्रौंच हे हिवाळी पाहुणे आहेत. एकेकाळी राजस्थानातील भरतपूर येथे सायबीरियन क्रौंच येत असत. त्यांची तेथील अखेरची नोंद २००२ मधील आहे. सारस जोडीने प्रदेश राखून राहतो, त्यामुळे वीण करणाऱ्या जोड्यांत विष्ठेतून पसरणाऱ्या परजीवींचा धोका कमी असतो. महाराष्ट्रात सारसाची वस्ती आता मुख्यतः गोंदिया व लगतच्या भंडारा जिल्ह्यांतील भातखाचरे, बोड्या व माजी मालगुजारी तलाव यांच्या आश्रयाने उरली आहे व तीही मोजक्या पक्ष्यांची. एवढ्या लहान समुदायात एक पिलू गमावणे म्हणजे त्या वर्षीच्या विणीचा मोठा हिस्सा गमावणे होय. उन्हाळ्यात तलाव आटले की विखुरलेल्या जोड्या उरलेल्या थोड्या पाण्यावर एकत्र येतात आणि पाळीव बदके, गुरे व इतर पाणपक्षी यांचा वावरही तेथेच असतो.

कांड्या करकोच्याची स्थिती याच्या उलट आहे. मंगोलिया व मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे हे पक्षी हिवाळ्यात मोठमोठे थवे करून राहतात. राजस्थानातील फलोदीजवळच्या खीचन गावी त्यांना ‘कुरजां’ म्हणतात. तेथील रहिवासी पिढ्यान् पिढ्या त्यांना धान्य घालीत आले असून दर हिवाळ्यात तेथे हजारो पक्षी एका आवारात उतरतात. २०२५ मध्ये खीचनला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले. खीचनचा भूतदयेचा आचार निःसंशय दुर्मिळ आहे. तथापि दाण्याभोवतीची दाटी तेथेही आहे. वाळवंटाची कोरडी, तापणारी जमीन पुटींना मारक ठरते, ही इझुमीच्या मानाने मोठी जमेची बाजू होय. पक्षी दुपारी ज्या तळ्यांवर जमतात त्यांच्या ओल्या काठांवर मात्र हे संरक्षण नसते. विष्ठेचे नमुने हंगामाच्या आरंभी, मध्यास व अखेरीस घेऊन पुटींची मोजणी केल्यास परजीवीचा भार हिवाळ्यात कसा चढत जातो, हे साध्या सूक्ष्मदर्शकाने व अल्प खर्चात कळू शकते. मृत सापडलेल्या प्रत्येक क्रौंचाची शवपरीक्षा करताना विष व विषाणू यांच्या तपासणीबरोबरच यकृत, प्लीहा व फुप्फुसे यांवरील पांढरट गाठींचा शोध घेणे आणि त्यांचे ऊतक (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांचा समूह) जतन करणे आवश्यक असते.